बोटाचं विचारा, बाटलीचं नको

मागच्या महिन्यात याच पानावर मी एवढंच लिहिलं होतं की टॉवेल कारखान्यातला दिवसभराचा हिशेब मिटवून घरी आलो की हल्ली मी गाणी कमी आणि म्हाताऱ्या रॉकवाल्यांच्या मुलाखती जास्त ऐकतो. पंच्याहत्तरी-ऐंशीची माणसं, निम्म्यांना नीट ऐकू येत नाही, पण एकदा बोलायला बसली की दोन तास उठत नाहीत. त्यावर एवढी पत्रं न व्हॉट्सअ‍ॅप येतील असं वाटलं नव्हतं, आपल्या सोलापुरात हे ऐकणारे एवढे आहेत हेच मला आत्ता कळलं. सगळी घ्यायला जागा नाही, संपादकबाई आधीच ओरडतायत, जमली तेवढी घेतो.

*काका, माझे वडील मिलमध्ये होते, साच्यात सापडून त्यांचं एक बोट अर्धं गेलेलं. इंग्लंडच्या एका मोठ्या गिटारवाल्याची बोटं पण कारखान्यात तुटली होती असं मुलगा सांगतो. खरं आहे का थापा? — एक वाचक, जुळे सोलापूर*

खरं आहे हो, शंभर टक्के. टोनी आयोमी, ब्लॅक सबाथ बँडचा. मी त्याच्या जेवढ्या मुलाखती ऐकल्या त्या सगळ्यात हे येतंच, आणि दरवेळी तो असा सांगतो जसं काय कुणी बस कशी चुकली ते सांगतंय. वय १७, बर्मिंगहॅममधला पत्र्याचा कारखाना, आणि तो त्याचा तिथला शेवटचा दिवस, कारण एका बँडबरोबर युरोपात वाजवायला जायचं ठरलेलं. दुपारी जेवायला घरी आला आणि आईला म्हणाला आता परत काय जात नाही, तर आई म्हणाली असं अर्ध्यात सोडायचं नाही, दिवस पुरा करून ये. गेला. नेहमीच्या मशीनवरची बाई त्या दिवशी आली नव्हती म्हणून याला तिच्या जागी उभं केलं, म्हणजे आपल्या मिलच्या भाषेत सांगायचं तर बदलीवर. ते मशीन याला नवीन. वरचा भाग खाली आला, यानं दचकून हात मागं ओढला आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तिथंच राहिली. आता गोची अशी की माणूस डावखुरा, त्यामुळं त्याचा उजवा हात म्हणजे तारा दाबायचा हात. डॉक्टर म्हणाले वाजवणं विसर.

पुढचं मला जास्त आवडतं. घरी तोंड पाडून बसलेला असताना कारखान्याचा साहेब, आपल्याकडं जॉबर म्हणा, एक रेकॉर्ड घेऊन आला आणि म्हणाला ऐक. जँगो राइनहार्टची. जॅझमधला एवढा मोठा माणूस, १९२८ मध्ये राहत्या गाडीला आग लागून त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं निकामी झालेली आणि तो उरलेल्या दोन बोटांवर ते सगळं वाजवत होता. हे ऐकून आयोमी उठला आणि भांडी घासायच्या लिक्विडची प्लास्टिकची बाटली वितळवली, तिचा गोळा केला, गरम सोल्डरिंगनं भोक पाडलं, बोटात बसेपर्यंत घासलं, म्हणजे शिंपी लोक बोटात टोपी घालतात ना तसलं काहीतरी. पण प्लास्टिक तारेवरून घसरायचं, मग जुन्या जॅकेटचं चामडं कापून त्यावर चिकटवलं. जाड तारा त्या बोटांनी दबेनात म्हणून बँजोच्या पातळ तारा गिटारला लावल्या, कारण तेव्हा पातळ तारांचा सेट दुकानात मिळतच नव्हता. नंतर तारा अजून ढिल्या करून सूरच खाली उतरवला, आणि तो जो खोल, जड, छातीत बसणारा आवाज आहे ना ज्याच्यावर अख्खं हेवी मेटल उभं राहिलं, त्याच्यात या ढिल्या तारांचा मोठा हात आहे. लोक त्यात सैतान शोधत बसले, तिथं होती कारखान्यातली एक दुपार.

त्या बँडातली सगळीच पोरं तसली. ऑझी ऑस्बर्न कत्तलखान्यात राबलेला, आणि मोटारींच्या हॉर्नच्या कारखान्यात दिवसभर हॉर्नचा सूर लावत बसायचा. बेसवाला गीझर बटलर, हो गीझरच, पाणी तापवायचा नव्हे, तो कारखान्याच्या हिशेब खात्यात शिकाऊ होता, त्यामुळं माझा लई लाडका. हे तिघं आणि ड्रमवाला बिल वॉर्ड, अशा चौघांनी ५ जुलै २०२५ ला त्यांच्याच गावात शेवटचा कार्यक्रम केला, ऑझी उभा राहू शकत नव्हता तर सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायला, आणि २२ जुलैला गेला. तुमच्या वडिलांना हे सांगा. असतील तर. पत्रात "होते" लिहिलंय ते नोकरीबद्दल की कशाबद्दल ते मला कळलं नाही, राग मानू नका.

*मी विजापूर रोडला गिटारच्या क्लासला जातो. सरांनी पहिल्या दिवशी जे शिकवलं ते सगळ्यांनाच शिकवतात असं कळलं, डीप पर्पल बँडचं ते धुराचं गाणं, ‘स्मोक ऑन द वॉटर’. ते लोक मुलाखतीत पण कायम तेच सांगतात. कंटाळत नाहीत का? — वय १५*

कंटाळतात की. पण काय करतील, समोरचा तेच विचारतो. गोष्ट अशी की ४ डिसेंबर १९७१ ला हे लोक स्वित्झर्लंडमध्ये माँट्रोला तळ्याकाठी होते, कॅसिनोच्या हॉलमध्ये रेकॉर्डिंग करायचं ठरलेलं. त्याच्या आदल्या कार्यक्रमात, म्हणजे फ्रँक झप्पाच्या, कुणीतरी गर्दीतून फ्लेअर गन, म्हणजे इशाऱ्याचा पेटता गोळा सोडायची बंदूक, उडवली, छत पेटलं, अख्खा कॅसिनो जळून गेला आणि धूर तळ्यावर पसरला. मग ह्यांनी थंडीत बंद पडलेल्या एका हॉटेलच्या बोळात गाद्या-बिद्या लावून रेकॉर्डिंग उरकलं आणि घडलं तेच गाण्यात लिहून टाकलं. हे ते पन्नास वर्षं सांगतायत. आपले आजोबा कसं पानशेतचं धरण फुटलेलं दरवेळी सांगायचे, वाक्यं पण तीच, थांबायची जागा पण तीच, तसं होतं ते.

तुझ्या कामाची गोष्ट वेगळीच आहे, ती कुणी विचारत नाही म्हणून बाजूला पडते. तुम्ही सगळे ती रिफ, म्हणजे गाण्यात परत परत येणारी ती धून, पिकनं, म्हणजे तारा छेडायच्या चकतीनं वाजवता आणि बऱ्याचदा एकाच तारेवर. त्यांचा गिटारवाला ब्लॅकमोर ती दोन तारा एकदम धरून, पिक बाजूला ठेवून बोटांनी उचलतो. दोन्ही तारा एकाच क्षणी सुटतात. करून बघ आज घरी, आवाज लगेच बदलतो, आणि सरांना माझं नाव सांगू नको.

ह्याच बँडची एक रडकथा माझी पण आहे. कॉलेजात असताना नव्या पेठेच्या पलीकडं एक जण कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून द्यायचा, त्यानं माझ्या साठच्या कॅसेटवर त्यांचं दहा मिनिटांचं गाणं बाजू संपेल तसं सहाव्या मिनिटाला कापून दिलं. बरोबर गिटार सुटते तिथं खट्. पुढचं काय होतं ते मला अकरा वर्षांनी कळलं, तोवर मी ते गाणं तेवढंच समजून लोकांना वाजवून दाखवत होतो.

*जेथ्रो टल नावाचा एक माणूस एका पायावर उभा राहून बासरी वाजवतो असा व्हिडिओ पोरानं दाखवला. आमच्याकडं पांडुरंग पण पाय दुमडून उभा नाही, तो कृष्ण. तर हा जेथ्रो कोण? — एक शेतकरी, मोहोळ तालुका*

पांडुरंगाचं बरोबर बोललात. आणि तुम्ही शेतकरी आहात म्हणून तुम्हाला सांगायला मजा येतीय, कारण जेथ्रो टल नावाचा माणूस त्या बँडात नाहीच. तो तीनशे वर्षांपूर्वीचा इंग्लंडचा शेतकरी, १७०१ च्या सुमारास त्यानं घोड्यामागं लावायचं पेरणीयंत्र काढलं, एका रेषेत बी पडेल असं. म्हणजे तिफणच की. आपल्याकडं मालदांडी ज्वारी तिफणीनं पेरणाऱ्याला त्यात काय एवढं वाटणार, आपली तिफण-पाभर त्याच्याही आधीची, पण आपण तिचं नाव कुठल्या बँडला दिलं नाही. ह्या पोरांना सुरवातीला कुणी परत बोलवायचं नाही म्हणून दर आठवड्याला नाव बदलून जायचे, आणि कार्यक्रम ठरवणाऱ्या ऑफिसातल्या इतिहास शिकलेल्या एकानं त्या आठवड्याला हे नाव टाकलं. त्या नावावर परत बोलावणं आलं, मग तेच राहिलं.

बासरीवाला म्हणजे इयन अँडरसन. हा आधी गिटार वाजवायचा, पण १९६७ च्या आसपास गिटारवाला एरिक क्लॅप्टन ऐकला आणि म्हणाला आपण काय या जन्मात एवढं वाजवणार नाही, मग गिटार दुकानात देऊन त्याच्या बदल्यात एक बासरी आणि एक माईक घेतला. शिकवायला कुणी नाही. स्वतःच फुंकत बसला, काही महिन्यांत स्टेजवर, आणि पुढं वीस-पंचवीस वर्षं जगभर. मग पोरगी शाळेत बासरी शिकायला लागली आणि तिच्यामुळं याच्या लक्षात आलं की आपण इतकी वर्षं बोटं चुकीची ठेवतोय! एवढं नाव झाल्यावर माणूस काय म्हणेल, माझी हीच स्टाईल. याने बसून परत पहिल्यापासून बोटं शिकून घेतली. हे तो स्वतःच हसत सांगतो. मध्ये त्यानं स्कॉटलंडमध्ये सामन माशांची शेती पण केली, चांगली मोठी, आणि त्याबद्दल विचारलं तर गाण्यापेक्षा जास्त बोलतो. २००८ मध्ये नोव्हेंबरच्या हल्ल्यामुळं त्यांचा मुंबईचा कार्यक्रम राहिला, तर पळून न जाता डिसेंबरात अनुष्का शंकरबरोबर मदतीसाठी कार्यक्रम करून मगच गेले.

*एक गाणं लिहायचं आणि जन्मभर बसून खायचं, ह्या लोकांचं बरंय. — साखर पेठ*

प्रश्न नाही हा, टोमणा आहे, पण घेतो. तसं असतं तर जॉन फोगर्टीच्या मुलाखती एवढ्या कडू नसत्या. क्रीडन्स नावाचा बँड, गाणी बहुतेक याची, पण तरुणपणी सही करताना गाण्यांचे हक्क कंपनीकडं गेले. पुढं १९८४-८५ मध्ये यानं दुसऱ्या कंपनीकडून नवीन गाणं काढलं तर जुन्या कंपनीनं केस ठोकली की हे आमच्या जुन्या गाण्याची चोरी आहे. ते जुनं गाणं कुणाचं? याचंच! म्हणजे स्वतःची चोरी केली म्हणून माणूस कोर्टात. हा गिटार घेऊन साक्षीला बसला आणि ज्युरीला वाजवून दाखवलं की बाबांनो माझा हातच असा चालतो, दोन्ही गाणी माझ्यासारखी वाटणारच. जिंकला. पण रागानं कितीतरी वर्षं स्वतःची जुनी गाणी स्टेजवर गायलाच तयार नव्हता. १९८७ मध्ये एका क्लबात गायक बॉब डिलन त्याला म्हणाला की ‘प्राउड मेरी’ तू गायला नाहीस तर ते गाणं टीना टर्नर या गायिकेचंच आहे असं लोक समजतील, तेव्हा कुठं गायला. हक्काचा मोठा वाटा परत हातात आला २०२३ मध्ये. वय ७७.

दुसरा मॅथ्यू फिशर, इंग्लंडच्या प्रोकोल हारम बँडचा ऑर्गनवाला. १९६७ च्या एका फार गाजलेल्या गाण्याची सुरवात, जी ऐकून लोक गाणं ओळखतात, ती याने वाजवलेली, पण गीतकार-संगीतकारात नाव नाही. २००५ मध्ये कोर्टात गेला आणि २००९ मध्ये तिथल्या सगळ्यात वरच्या कोर्टानं सांगितलं की हो, हा पण भागीदार. पैसे मात्र केस टाकल्यापासूनचे, मागच्या अडतीस वर्षांचे शून्य. हिशेबनीस म्हणून मला हे वाचून रात्री झोप आली नव्हती. आपल्याकडं तर रेकॉर्डिंगला वाजवलं, पाकीट घेतलं, विषय संपला, आणि गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा नीट हक्क कायद्यानं मिळायलाच २०१२ उजाडलं. वादकांचं तर सोडाच.

*फ्रेडी मर्क्युरी आपल्या महाराष्ट्राचा होता ना?*

पाचगणीला बोर्डिंगात शिकला, पहिला बँड तिथं शाळेतच काढला, जन्म झांझिबारचा, घर पारशी. महाराष्ट्राचा म्हणा हवं तर, माझी हरकत नाही, पण क्वीन बँडात त्याच्या शेजारी उभा असलेल्या गिटारवाल्या ब्रायन मेकडं पण बघा की कधी. त्याची गिटार त्यानं आणि त्याच्या वडिलांनी घरात बसून केली, जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड, मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, दांड्याला विणकामाच्या सुईचं टोक, खुणांना आईच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. तीच गिटार घेऊन पन्नास वर्षं स्टेजवर. आणि पिकऐवजी नाणं. पीएचडी सोडून वाजवायला गेला होता ती २००७ मध्ये पुरी केली, अवकाशातल्या धुळीवर. आता त्याला कुणी धुळीचं विचारलं तर तो कसा खुलतो बघा.

*माझा मुलगा बारावीला आहे आणि रात्रभर ह्या लोकांच्या मुलाखती ऐकतो. त्यात सगळं दारू, नशा, हॉटेलं फोडणं. तुम्ही असलं लिहून पोरांना नादी लावताय असं वाटत नाही का? — एक आई, होटगी रोड*

ताई, रात्रभर ऐकतो ते थांबवा, बारावी आहे. बाकी तुमचं म्हणणं अर्धं मान्य. ते किस्से असतात, आणि खरं सांगू, ते सगळ्यात रटाळ असतात. पिऊन पडलो, टीव्ही खिडकीतून टाकला, सगळ्यांचे सारखेच, नाव बदलायचं फक्त. सांगणाऱ्याला पण माहिती असतं की मुलाखतवाल्याला हेच पाहिजे, म्हणून पाढ्यासारखं म्हणून टाकतो. आणि ज्यांनी खरंच त्यापायी दोस्त घालवले ते अशा वेळी गप्प बसतात, ते पोराला ऐकू येतंय का एवढं बघा.

त्याला दुसरे किस्से सांगा. रिक वेकमन, येस बँडचा कीबोर्डवाला, १९७३ मध्ये मँचेस्टरला स्टेजवर याला त्या रात्रीच्या लांबलचक गाण्यांत फारसं कामच नव्हतं. ऑर्गनखाली बसलेल्या मदतनिसानं विचारलं काय खाणार, याला वाटलं कार्यक्रमानंतरचं विचारतोय, तर तो पठ्ठ्या चालू कार्यक्रमात गरम व्हिंडालू, पापड, भेंडी असलं सगळं घेऊन हजर. वास सुटला, आणि गायक येऊन एक पापड उचलून परत गायला गेला. किंवा चार्ली वॉट्स, रोलिंग स्टोन्सचा ड्रमवाला. बाकीचे काय करायचे ते करायचे, हा सूट घालून हॉटेलात जायचा आणि झोपायच्या पलंगाचं चित्र काढायचा. १९६७ पासून दौऱ्यावर ज्या ज्या पलंगावर झोपला तो प्रत्येक! वह्याच्या वह्या नुसत्या पलंगांच्या.

आणि कानाचं सांगाच. एसी-डीसी बँडचा गायक ब्रायन जॉन्सन, त्याला २०१६ मध्ये डॉक्टरांनी सांगितलं आता थांब नाहीतर ठार बहिरा होशील, दौरा अर्ध्यात सोडावा लागला. आपल्याकडं मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढं छाती धडधडेपर्यंत उभी राहणारी पोरं बघितली की मला तोच आठवतो. हेडफोनचा आवाज किती ठेवतो ते आज रात्री जाऊन बघा.

*सर, मी पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या गल्लीत एक आजोबा आहेत, पंच्याहत्तरीचे, ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे, गणपतीत, लग्नात. मला त्यांची मुलाखत घ्यायचीय पण ते म्हणतात काय सांगायचं, वाजवलं आणि आलो. काय विचारू? — शुक्रवार पेठ*

तुझं पत्र मी मुद्दाम शेवटी ठेवलं. "तुमचा प्रवास कसा होता" हे विचारू नको. प्रवासाला काय, एसटीनं. "संगीत म्हणजे तुमच्यासाठी काय" हे तर अजिबात नको, त्याला ते उत्तर देतील आणि तू ते छापशील आणि कुणी वाचणार नाही.

१९७२ मध्ये लेड झेपलिन बँडचे पेज आणि प्लांट मुंबईत आले आणि इथल्या स्टुडिओत इथल्या वादकांना घेऊन स्वतःची दोन गाणी रेकॉर्ड करून बघितली, ती अधिकृतपणे बाहेर आली थेट २०१५ मध्ये. त्या दोघांच्या तोंडून हे बऱ्याचदा ऐकून झालंय. मला ऐकायचंय ते त्या दिवशी समोर बसून वाजवणाऱ्यांचं, की त्यांना नोटेशन दिलं का तोंडी गाऊन दाखवलं, पैसे किती मिळाले, आणि घरी जाऊन बायकोला काय सांगितलं. असलं विचार.

मी स्वतः एकदा माती खाल्लीय यात. आमच्या ओळखीतले एक असेच ऑर्केस्ट्रावाले, त्यांच्याकडं गेलो, वही-पेन काढलं, म्हटलं तुमचा काळ कसा होता. चांगला होता म्हणाले. मी अजून दोन असलेच विचारले. चहा आला, चहा प्यालो, शेंगा चटणी न कडक भाकरीवर पण बोलून झालं. मग उठता उठता असंच विचारलं की तेव्हा सोलापुरात गिटारच्या तारा मिळायच्या कुठं. झालं. माणूस खुर्चीत पुढं सरकला. म्हणाले इथं कुठल्या मिळतात, मुंबईला कुणी निघालं की त्याच्या हातात पैसे द्यायचे, तो चुकीच्याच आणायचा, सतारीच्या पण आणल्यात एकदा. मग तारा तुटेपर्यंत वापरायच्या, आवाज मेला की काढून पातेल्यात घालून उकळायच्या, घाण सुटते, चार कार्यक्रम निघतात. ते चहाचं पातेलं होतं, त्यावरून घरात जे झालं ते त्यांनी बायकोसमोरच सांगितलं आणि ती आतून म्हणाली, दोनदा केलंय, एकदा नाही. पिक म्हणजे पावडरच्या डब्याचं झाकण कापून. उन्हाळ्यात हुतात्मा मंदिरात एकदा लाईट गेली तर गिटार बंद, सगळं बंद, फक्त ढोलकीवाला चालू, पब्लिकनं टाळ्या धरल्या आणि गाणं पुरं झालं. एका कार्यक्रमाचे पंचवीस रुपये, गायकाला पन्नास, आणि हा फरक त्यांना अजून सहन होत नाही. दोन तास गेले, वही भरली, माझी शेवटची बस पण गेली.

दारापर्यंत सोडायला आले. डाव्या हाताची बोटं अंगठ्यावर घासत होते, म्हणाले घट्टे गेले बघ सगळे, बाईमाणसासारखी मऊ झालीत. मग मी चप्पल घालत होतो तेव्हा हळूच, म्हणजे आत ऐकू जाऊ नये असं, विचारलं, पहिल्या नंबरची तार आता इथं मिळते का बे कुठं?